मजुरीतील वरणाची वाटी



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासावर काही बोलावे, अशी त्यांची अपेक्षा दिसली. आम्ही विषय कळविला, तो ‘रोजच्या जेवणातील प्रथिने’ हा. त्यावर चालकांपैकी एका स्नेह्याने हसून विचारले, “अहो, हा विषय डॉक्टरांचा. तुम्ही युनियनवाले त्यात कशाला पडता?” प्रश्न रास्त आहे. आम्ही वैद्यकाचे पदवीधर नाही. खरे म्हणजे कशाचेच पदवीधर नाही. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे शिक्षण जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर, वाचनालयाच्या बाकावर आणि वेतनाच्या खटल्यांचे कागद चाळता चाळता झाले. परंतु त्या कागदांतच एक गोष्ट आम्हांला वारंवार आढळली. मजुरी किती असावी, हा वाद जेव्हा जेव्हा मुळापर्यंत गेला, तेव्हा तेव्हा तो मजुराच्या पानातील डाळीपाशी येऊन थांबला. म्हणून हा विषय डॉक्टरांचा आहे तितकाच आमचाही आहे, असे आम्ही समजतो.

या शोधाला निमित्त घडले ते नरखेड तालुक्यात. काही वर्षांपूर्वी संत्र्याची तोड आणि भराई करणाऱ्या मजुरांची एक बैठक आम्ही घेतली होती. बैठक संपल्यावर पस्तिशीतील एक बाई मागे राहिली. तिच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. अंगात रक्त कमी, चालताना धाप, सांधे दुखतात, अशी तिची तक्रार. चिठ्ठीवर औषधांच्या खाली कसल्याशा भुकटीच्या डब्याचे नाव होते. ती म्हणाली, “डॉक्टरनं प्रोटीन खा म्हनलं, भाऊ. हे कोठी भेटते, अन् केवढ्याले पडते?” आम्ही दुकानात चौकशी केली. त्या एका डब्याची किंमत तिच्या चार दिवसांच्या मजुरीहून अधिक होती. आम्हांला तिला नीट उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान हे त्या उशिरा दिलेल्या उत्तराचाच भाग आहे, असे समजावे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. आपल्या अंगातील स्नायू, रक्तातील तांबडा रंग, केस, नखे, रोगाशी झगडणारी द्रव्ये, अन्न पचविणारे रस, ही सारी ज्या मालाने घडतात, तो माल म्हणजे प्रथिने. युरोपात १८३८ साली या द्रव्याला ग्रीक भाषेतील ‘पहिला’ या अर्थाच्या शब्दावरून नाव मिळाले. आपला ‘प्रथिन’ हा शब्दही ‘प्रथम’ची आठवण करून देतो. पिठूळ पदार्थ आणि तेल-तूप हे शरीराचे सरपण. प्रथिने हे वासे, विटा आणि माती. ही घडण एकदा होऊन संपत नाही. घर रोज थोडे थोडे झिजते आणि रोज थोडे थोडे लिंपावे लागते.

रोज किती लागते? एके काळी जर्मन शास्त्रज्ञ फॉइट याने कष्टकरी माणसास दिवसाला ११८ ग्रॅम प्रथिने हवीत, असा आकडा दिला होता. स्नायू काम करताना प्रथिनेच जळतात, या समजुतीची छाया त्या काळी होती. १९०४ साली अमेरिकेतील चिटेंडन याने स्वतःवर, सहकाऱ्यांवर आणि सैनिकांवर प्रयोग करून, याच्या निम्म्यावरही माणूस धडधाकट राहतो, असे दाखविले. आज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे २०२० चे प्रमाण असे आहे : वजनाच्या दर किलोस दिवसाला ०.८३ ग्रॅम. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषास ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या स्त्रीस ४६ ग्रॅम. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना याहून अधिक. हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढच्या इतिहासात आपल्याला ते मोजमापासारखे उपयोगी पडणार आहेत.

इतिहासाची पहिली तारीख १ जानेवारी १८७७. त्या दिवशी दिल्लीत दरबार भरवून इंग्लंडच्या राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. त्याच दिवशी जमशेटजी टाटा यांची नागपुरातील गिरणी सुरू झाली आणि तिला त्या सम्राज्ञीवरून ‘एम्प्रेस’ हे नाव पडले. आणि त्याच वेळी दख्खनमध्ये व मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ माजला होता. या दुष्काळावर देखरेख करण्यासाठी सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाठविले. टेंपलसाहेब नागपुरास परके नव्हते. १८६० नंतरच्या दशकात ते मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त होते. १८७३-७४ च्या बिहारातील टंचाईत त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसे वाचविली होती, आणि फार खर्च केला म्हणून बोलणी खाल्ली होती. या खेपेस त्यांनी ती चूक, म्हणजे माणसे वाचविण्याची चूक, सुधारण्याचे ठरविले असावे.

दुष्काळी कामावरील पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, एवढे त्यांनी पुरे ठरविले. ‘टेंपल वेतन’ म्हणून ते इतिहासात कुप्रसिद्ध आहे. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. तेवढ्या तांदळातून सुमारे सोळाशे कॅलरी उष्णता आणि पस्तीस ग्रॅमच्या आतबाहेर प्रथिने मिळतात. डाळ, मीठ, तेल, सरपण आणि अंगावरची चिंधी, हे सगळे उरलेल्या एका आण्यात, तेही दुष्काळाच्या भावाने. आणि काम कसले? खडी फोडणे, माती वाहणे.

मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, कष्ट करणाऱ्यास किमान दीड पौंड धान्य हवे आणि त्यासोबत डाळ हवीच. सरकार तुरुंगातील कैद्याला यापेक्षा अधिक देते. टेंपलसाहेबांचा हिशेब खजिन्याचा होता, कॉर्निशसाहेबांचा हाडामांसाचा. कामावरच्या माणसांच्या प्रेतांनी हा वाद निकालात काढला आणि त्याच वर्षी मद्रासमध्ये हे वेतन मागे घ्यावे लागले.

परंतु आम्हांला या प्रकरणातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. मुंबई इलाख्यात दुष्काळी कामावरील मजुरी कापली गेली आणि लोकांना लांबच्या कामांवर जाण्याची सक्ती झाली, तेव्हा हजारो उपाशी माणसांनी ती कामे सोडून दिली. उपाशी माणसाने सरकारचे अन्न नाकारून केलेला हा संपच होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावोगावची माहिती जमवून सरकारकडे या मजुरांची बाजू मांडली. त्याच वर्षी जोतीराव फुले आणि सत्यशोधक मंडळींनी पुण्याजवळ धनकवडीस दुष्काळातील मुलांसाठी अन्नछत्र चालविले. आणि आमच्या नागपुरात, त्याच १८७७ साली, एम्प्रेस गिरणीतील विणकरांनी मजुरीच्या दरावरून संप केल्याची नोंद कामगार चळवळीच्या इतिहासात आढळते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांना १८८४ साली एकत्र आणले, त्याच्या सात वर्षे आधीची ही गोष्ट. तात्पर्य, या देशातील मजुरीचा झगडा सुरू झाला तेव्हाच त्याच्या मुळाशी ‘पोटात किती’ हा प्रश्न होता.

आता मुंबईत चला. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली, गिरण्यांत संप झाले आणि सरकारच्या मजूर कचेरीने अडीच हजारांच्या आसपास कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांनी तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध केला. त्यातील निष्कर्ष आम्ही प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ तसेच बसलो. निष्कर्ष असा : मुंबईचा कामगार धान्य खातो ते दुष्काळ संहितेत सांगितलेल्या कमाल प्रमाणाइतके, पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्यासाठी जे अन्न ठरविले आहे, त्यापेक्षा ते कमी पडते. म्हणजे कॉर्निशसाहेबांच्या तक्रारीला पंचेचाळीस वर्षे उलटली होती, देशात गिरण्यांची धुराडी उभी राहिली होती, आणि तरीही राबणारा माणूस कैद्याच्या मागेच होता. हे कोणा पुढाऱ्याचे भाषण नव्हे. हे सरकारचे स्वतःचे पुस्तक होते.

त्याच सुमारास निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे डॉ. मॅक्‌कॅरिसन उंदरांना देशातील निरनिराळ्या लोकांचे जेवण घालून पाहत होते. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी, असे उंदरांचे गट पाडले होते. गव्हाची पोळी, दूध, डाळ आणि भाजी खाणारा शिखांचा उंदीर पहिला आला; पठाणांचा दुसरा आणि आपला मराठ्यांचा तिसरा. नुसत्या पांढऱ्या भातावरचा उंदीर शेवटी राहिला. यातून काही मंडळींनी जातीजातींच्या शौर्याचे सिद्धांत काढले. आमच्या मते त्यातून निघतो तो एवढाच सिद्धांत की, उंदराला जात नसते, जेवण असते. आणि माणसाचेही तसेच आहे.

मॅक्‌कॅरिसन यांच्यानंतर कुन्नूरच्या प्रयोगशाळेवर डॉ. वॉलेस एक्रॉइड आले. हिंदुस्थानातील अन्नपदार्थांचे पोषणमूल्य सांगणारी त्यांची छोटी पुस्तिका १९३७ साली निघाली. आपल्या ज्वारीत काय आहे, तुरीत काय आहे, हे सामान्य वाचकाला तिच्यामुळे कळू लागले. ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस गेली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. या एक्रॉइड यांचे नाव प्रत्येक युनियन कार्यकर्त्याला पाठ असते. कारण जुलै १९५७ मध्ये नवी दिल्ली येथे पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली आणि किमान वेतन कसे ठरवावे, याची कसोटी तिने घालून दिली : कुटुंबात खाणाऱ्या तीन माणसांचे माप धरावे, प्रत्येकास डॉ. एक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे २७०० कॅलरींचे अन्न, कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्ती वगैरेंसाठी वीस टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार यांसाठी आणखी पंचवीस टक्के त्यात मिळविले.

दिल्लीच्या या ठरावाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. जिवंत राहण्यापुरते अन्न आणि माणसासारखे जगण्यापुरते अन्न यांतील फरक त्याने वेतनाच्या हिशेबात आणला. पण व्यवहारात काय झाले? वाटाघाटींच्या मेजावर कॅलरीचा आकडा राहिला आणि डाळ हळूच खाली सरकली. मालकाचा हिशेबनीस म्हणे, २७०० कॅलरी ना? त्या तर नुसत्या तांदळातही निघतात! १९४४ च्या समतोल आहाराच्या तक्त्यात डाळीचे प्रमाण दिवसाला ३ औंस, म्हणजे ८५ ग्रॅम होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही शाकाहारी माणसासाठी ते ८५ ग्रॅमच आहे. ऐंशी वर्षांत शास्त्र बदलले नाही. बदलायची होती ती मजुरी, आणि त्या मजुरीच्या हिशेबात डाळीची ओळ मात्र पुष्कळदा कोरीच राहिली.

या ठिकाणी कोणी म्हणेल, डाळ महाग पडते तर स्वस्तातली डाळ खावी. या सल्ल्याचाही आपल्या भागात एक इतिहास आहे आणि तो फार दुःखाचा आहे. लाख किंवा लाखोळी ही डाळ पूर्व विदर्भात, विशेषतः धानाच्या पट्ट्यात, पिढ्यान् पिढ्या पिकत आली. धानाच्या बांधीत उरलेल्या ओलीवर ती येते, पाणी मागत नाही, दुष्काळाला दाद देत नाही आणि प्रथिनांत तुरीच्याही पुढे आहे. मग तिच्यात वाईट काय? कर्नल स्लीमन यांनी सागर-नर्मदा मुलखातील हकीकत लिहून ठेवली आहे. १८२९ साली तिथले गहू गारपिटीने गेले, १८३० साली पावसाने ओढ दिली, १८३१ साली रोग पडला. तीन वर्षे तगून राहिली ती एकटी लाख. लोकांनी तीच खाल्ली, आणि १८३३ पासून तरणीताठी माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. त्या डाळीत एक विषारी द्रव्य आहे. १९६४ साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढून दाखविले. त्याआधीच १९६१ साली केंद्र सरकारच्या नियमाने तिच्या विक्रीवर बंदी आली.

नागपुरातील आहारतज्ज्ञ डॉ. शांतीलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध अनेक वर्षे चळवळ केली, उपोषणे केली. आपला पारंपरिक आहार नाहक बदनाम केला, असे त्यांचे म्हणणे. २०१६ साली तज्ज्ञांच्या समितीने कमी विषाच्या तीन वाणांना अनुकूल मत दिले. या वादाचा निवाडा करणे आमचे काम नाही. पण एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य आहे : गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले तर विष बरेच उतरते, आणि इतर धान्यांबरोबर थोडी लाखोळी खाणारा सहसा लुळा पडत नाही. लुळा पडतो तो महिनोन् महिने मुख्यतः तिच्यावरच जगणारा. आणि तिच्यावरच कोण जगतो? मध्यप्रदेशातील रेवा भागात बांधील मजुरांना मजुरी म्हणूनच ही डाळ दिली जाई. जमीनदाराच्या घरी तीच डाळ होती, पण तिथे पाय लुळे पडले नाहीत, कारण तिथे गहूही होता, तूपही होते. म्हणजे विष दाण्यात होते हे खरे. पण त्याचा पुरेसा डोस पोटात जाण्याची व्यवस्था मजुरीने केली होती. एकाच पदार्थात प्रथिने शोधू नयेत, हा धडा आम्ही इथून घेतो. तो लाखोळीला जितका लागू, तितकाच डब्यातल्या भुकटीलाही.

यानंतरचा टप्पा १९७२ च्या दुष्काळाचा. त्या काळी जगभर ‘प्रथिनांची टंचाई’ हा मोठा गाजलेला विषय होता. आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३० नंतरच्या काळात मुलांच्या ‘क्वाशिओरकोर’ या सुजेच्या रोगाचे वर्णन केले, आणि त्यावरून गरीब देशांचा खरा रोग प्रथिनांचा अभाव हाच, असे मत बनत गेले. म्हैसूरच्या प्रयोगशाळेत शेंगदाण्याची पेंड आणि हरभरा मिळून बहुउद्देशीय अन्न तयार झाले. १९६८ साली संयुक्त राष्ट्रसंघाने येणाऱ्या प्रथिन-संकटाचा इशारा दिला. आणि इकडे महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या घरात माणसे खडी फोडीत होती. त्यांना अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि पीठ, गूळ व तेल यांची सुकडी वाटली जाई. मराठवाड्यातून आमच्या संघटनेत आलेले एक वृद्ध सहकारी सांगत, “सुकडी आम्ही अर्धी तिथं खायचो अन् अर्धी धोतराच्या सोग्यात बांधून लेकरांसाठी न्यायचो.” या एका वाक्यात पोषणशास्त्राचा मोठा ग्रंथ आहे. मजुराला दिलेले अन्न मजुराच्या एकट्याच्या पोटात जात नाही. म्हणूनच दिल्लीच्या त्या परिषदेने तीन माणसांचे माप धरले होते.

याच सुमारास एका मराठी माणसाने जगाच्या त्या गाजलेल्या मताला हरकत घेतली. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९५१ पासून १९७० पर्यंत रोम येथे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. त्यांनी आकडे मांडून दाखविले की, भारतातील धान्य-डाळीचे जेवण पोटभर मिळाले तर प्रथिने बहुधा पुरतात. माणूस प्रथिनाला मुकतो तो मुख्यतः अर्धपोटी राहिल्यामुळे. घरातले सरपण संपले की माणूस वासे काढून चुलीत घालतो. तसेच उष्णता कमी पडली की शरीर खाल्लेली प्रथिने जाळून टाकते आणि भिंती लिंपायच्या राहून जातात. हैदराबादच्या संस्थेतील डॉ. गोपालन यांचेही मत याच दिशेचे होते. १९७४ साली मॅक्‌लॅरन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रथिन-टंचाईच्या या साऱ्या गाजावाज्याला ‘महान फसगत’ म्हटले.

सुखात्मे यांचे हे म्हणणे आम्हांला मनापासून पटते. त्यांच्या पुढच्या म्हणण्याशी, म्हणजे शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, सबब उपाशी माणसांचे आकडे फुगवून सांगितले जातात, या मताशी आमचे जमत नाही. त्यावर पुण्यातच प्रा. वि. म. दांडेकर यांनी त्यांच्याशी मोठा वाद घातला. शरीर जुळवून घेते हे खरे. पण ते बुटके राहून, हळू चालून आणि लवकर म्हातारे होऊन जुळवून घेते. संत्र्याचे कॅरेट उचलणाऱ्या बाईला अशा जुळवून घेण्याची किंमत रोज द्यावी लागते.

आता पुन्हा नरखेडास येऊ. वर्धा आणि जाम या नद्यांच्या खोऱ्यातला, काटोलला लागून असलेला हा तालुका. पलीकडे वरुड, उत्तरेला पांढुर्णा. काळी जमीन, संत्र्याचे बगीचे, आंबिया आणि मृग हे दोन बहर. बागा नव्हत्या आणि जिथे आजही नाहीत, तिथे कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीचे एक तास, ज्वारीत मूग-उडीद, बांधावर बरबटी आणि पोपट, रब्बीत हरभरा आणि जवस, अशी रीत होती. सालदाराला धान्य मिळे. कापणीनंतर बायका शेतात सरवा वेचीत आणि महिन्याची डाळ त्यातून निघे. आम्ही जुन्या काळाचे गोडवे गात नाही. त्या सालदाराच्या पाठीवरचे वळही आमच्या घराण्याने पाहिले आहेत. पण मजुरीचा एक भाग डाळीच्या रूपाने मिळत होता, हे खरे.

मग काय झाले? गहू आणि तांदूळ यांना हरितक्रांतीने उचलून धरले, डाळी कोरडवाहूच राहिल्या. देशात दर माणशी दिवसाला उपलब्ध डाळ १९५१ साली ६०.७ ग्रॅम होती, १९६१ साली ६९ ग्रॅम झाली आणि २००१ साली ३० ग्रॅमवर आली. त्यानंतर ती पुन्हा वाढली, तरी ८५ ग्रॅमपासून आपण दूरच आहोत. मजुरी रोखीत मिळू लागली आणि डाळ दुकानात गेली. २०१५ साली तुरीची डाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत चढली, ते दिवस आपण विसरलेलो नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला, ही मोठी गोष्ट झाली. पण त्या हक्कात डाळ नाही. वर रोही आणि रानडुकरे यांच्या भयाने पुष्कळ शेतकऱ्यांनी तूर-हरभरा टाकला. त्यांच्या जागी आले सोयाबीन.

सोयाबीनची गोष्ट तर नवलाची आहे. शंभर ग्रॅम दाण्यात चाळीसच्या आसपास ग्रॅम प्रथिने! नरखेड, काटोल, किंबहुना सारा विदर्भ दरसाल त्याच्या राशी पिकवितो. दाणा मिलमध्ये जातो, तेल शहरात जाते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यासाठी देशोदेशी जाते. तिची निंदणी करणारी बाई मात्र चिठ्ठी हातात घेऊन विचारते, हे कोठी भेटते?

बाई, आता आमचे उत्तर ऐका. तुम्हांला ४६ ग्रॅम हवेत. दिवसाला ३०० ग्रॅम ज्वारीच्या भाकरीतून सुमारे ३० मिळतात. ६० ग्रॅम तुरीच्या, मुगाच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीतून १३. मूठभर शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, ५. कपभर दूध वा दही, ४ ते ५. भाजीतून दोनतीन. बेरीज पन्नासच्या वर जाते. मांसाहार करीत असाल तर एका अंड्यात ६. भाकरीत जो घटक कमी असतो तो डाळीत असतो, डाळीत जो उणा तो भाकरीत असतो. म्हणून दोन्ही एका जेवणात हवीत. साधारण तीन भाग धान्यास एक भाग डाळ. आपल्या आजीने वरण-भाकर, गोळा-भात, फुणके-कढी, घुगऱ्या असे जे रांधले, ते याच हिशेबाचे होते. गव्हात दहावा हिस्सा भाजलेले सोयाबीन दळून घ्यावे. सोयाबीन कच्चे मात्र खाऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. डब्याची गरज नाही.

पण पान मांडून झाले म्हणजे प्रश्न सुटला नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. भाकरी तुमच्या घरी आहे. उणी आहे ती वाटी. चार माणसांच्या घरात ६० ग्रॅमप्रमाणे महिन्याला सात किलोंच्या वर डाळ लागते. ती आजच्या मजुरीत कशी बसवायची? आणि बसली तरी ती कोणाच्या ताटात पडते? आधी पुरुष, मग मुले, मग खरवडलेल्या पातेल्याशी तुम्ही. हा दुसरा झगडा घरातला आहे. त्यात युनियन तुमच्या बाजूने उभी राहील, पण तो तुम्हीच लढायचा आहे. पहिल्या झगड्यासाठी आमची मागणी अगदी साधी आहे. किमान वेतनाच्या हिशेबात ८५ ग्रॅम डाळ नावानिशी लिहा. रेशनच्या पाच किलोंबरोबर एक किलो डाळ हक्काने द्या. सोयाबीनची एक तरी गिरणी अशी असू द्या, की जिचे पीठ गावाच्या अंगणवाडीत आणि मजुराच्या घरात जाईल.

१८७७ साली उपाशी माणसांनी एक पौंड धान्यावर राबायचे नाकारले. त्यांच्यापैकी कोणाला प्रथिन हा शब्द माहीत नव्हता. पण एवढ्यावर अंग धरत नाही, हे त्यांना कळत होते. आज शब्द सगळ्यांना माहीत आहे. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे, डब्यांवर आहे. त्या बाईची चिठ्ठी अजून आमच्या कागदांत आहे. पुढच्या वेतनाच्या बोलणीच्या वेळी मागणीपत्राला आम्ही तीच चिठ्ठी जोडणार आहोत.